बनियनवर उठलेल्या फुल्या

पहिल्या फुल्या माझ्याच बनियनवर उठल्या, हे आधी सांगून टाकतो. नंतर गल्लीत जो तो म्हणायला लागला, पहिल्या आमच्याकडे, पहिल्या आमच्याकडे. लोकांना मानाची इतकी हाव असते की भानामतीतसुद्धा नंबर लावतात. पण पहिला बनियन माझा. साक्षीला माझी बायको सुवर्णा आहे, आणि तिच्या साक्षीपुढं आमच्या घरात अपील चालत नाही.

सुरुवात सुवर्णाच्या हातांपासून झाली. धुण्याच्या पावडरीनं तिच्या तळव्यांची सालं निघत होती. पेरापेरात भेगा पडलेल्या. भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. आदिलाबादच्या डॉक्टरनं दुरूनच हात पाहिले आणि म्हणाला, "पावडर बंद." मी विचारलं, "मग कपडे?" तो म्हणाला, "नेक्स्ट." कपडे मी धुवावेत असाही एक उपाय होता. तो कोणालाच सुचला नाही. मला सुचला होता, पण मी बोललो नाही.

त्याऐवजी मी धुण्याचं औषध घरीच बनवायचं ठरवलं. एकदम नैसर्गिक. तेलंगणाच्या हद्दीत, तामसीला, मंडल ऑफिससमोर म्हणजे तहसिलीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढणाऱ्या माणसाला कधीतरी काहीतरी अस्सल करावंसं वाटतं, त्यात गैर काय?

बाजारातून रिठे आणले. शिकेकाई मात्र दुकानदार केशर तोलावं तशी तोलायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. आमच्या गावात बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात. शिकेकाई शेंग, बाभूळही शेंग. दोन्हींची पानं बारीक, दोन्हींना काटे. एकाच खानदानातल्या दोघी. एक पुडीत बसली म्हणून औषधी आणि दुसरी रानात पडली म्हणून गावंढळ, ही उच्चनीचता मला मान्य नाही. मी पोतंभर बाभळीच्या शेंगा वेचून आणल्या. मागोमाग शेळ्याही आल्या. तत्त्वासाठी माणूस कुठवर जातो त्याचं हे उदाहरण. तत्त्वानं शेंग बदलत नाही, हे मला नंतर कळलं.

अंगणात तीन दगड मांडून जर्मनचं मोठं पातेलं चढवलं. उन्हाळ्याचे दिवस होते. कापूस कधीच निघून गेलेला. या दिवसांत आमच्याकडं लोकांच्या हाताला काम नसतं, सगळं काम तोंडाला असतं. बसची नोकरी करून रिटायर झालेले कंडक्टर नागोराव समोरच राहतात. ते आले आणि पातेल्यात डोकावले.

"काय रांधून राह्यले, उत्तमराव?"

"धुण्याचं पाणी."

"राख टाका त्याच्यात. आमची माय राखेनंच धुवे. कपडा फाटे, पन मळ नाई राहे."

राख टाकली. नागोरावांची सून हर्षाली कडेवरचं लेकरू सावरत म्हणाली, "काका, लिंबं कापून टाका जी, वास मस्त येते." लिंबं टाकली. कोणी म्हणालं कडुलिंबाचा डहाळा. कोणी म्हणालं रंग उडू नये म्हणून खडे मीठ. कोणी म्हणालं कापूर. मी लोकशाही मानणारा माणूस. संध्याकाळी अंगणात चुलीवर खदखदणारं काळपट पातेलं, भोवती कापलेली लिंबं, राखेचा ढीग, कडुलिंबाच्या डहाळ्या, रिठ्याच्या काळ्याभोर बिया, आणि मधोमध उघड्या अंगानं ढवळणारा मी. आज ते दृश्य आठवलं की एकच नवल वाटतं. लोकांना संशय यायला इतका उशीर का लागला?

पहिलं धुणं झकास निघालं. पांढरे कपडे जरासे दुधाळ चहासारखे झाले, पण मी सांगितलं की हाच नैसर्गिक पांढरा. बाजारातला पांढरा हा फसवणुकीचा पांढरा. शिवाय माझ्या पाण्यानं धुतलं की खंगाळायची गरज नाही, असंही मी ठोकून दिलं. उन्हाळ्यात पाण्याची मारामार, त्यामुळं बायकांना ते फार पटलं. सुवर्णाच्या भेगा भरायला लागल्या. ती म्हणाली, "बरं हाय." एवढं कौतुक तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच केलं. मला ते पचलं नाही. मी कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्या भरभरून सगळ्या गल्लीला वाटल्या.

आता प्रयागबाईचं सांगतो. गल्लीच्या टोकाला तिचं घर. घरामागं हैदराबादच्या कुणाचा तरी प्लॉट आहे. त्यानं काटेरी तारेचं कुंपण घातलं, तो गेला, आणि परत कधी दिसला नाही. तार गंजून लाल झाली आणि गल्लीची वाळवणाची दोरी झाली. तारेला लागून प्रयागबाईची वांगी. ती वांगी बाजारात विकून ती जगते. नवरा नाही, लेकरू नाही, दीर नाही. तोंड मात्र आहे. एकट्या बाईला तोंड असणं हा आमच्याकडं गुन्हा आहे, फक्त त्याचं कलम कुठं लिहिलेलं नाही.

बाटल्या वाटल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी हर्षालीची ओली चादर तारेवरून घसरली आणि वांग्याचं फळाला आलेलं झाड मोडलं. प्रयागबाई कुंपणाशी उभी राहून ओरडली, "तुमच्या कपड्यायले आग लागो! इथंच काऊन घालता वं? तुमच्या घरात दोऱ्या नाईत?"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. मीही ऐकलं. आमच्या अंगणातली नायलॉनची दोरी भरली होती, म्हणून माझा बनियनही त्या दिवशी त्याच तारेवर होता.

दुपारी मी जेवायला घरी आलो. आमच्याकडं उन्हाळ्याची दुपार रात्रीपेक्षा वाईट. दारं लावलेली, कुत्री नालीत निजलेली, आणि रस्त्यावर इतका उजेड की कशाचीही सावली दिसत नाही. मी बनियन आणायला प्रयागबाईच्या घरामागं गेलो. कपडे तारेवर सरळ लटकत होते. वारा नव्हता. तरी हर्षालीच्या लेकराचं झबलं हळूहळू हलत होतं, आत कोणी श्वास घेत असल्यासारखं.

बनियनवर छातीच्या बरोबर मधून एक काळी रेघ गेली होती. रेघेवर फुल्या, सारख्या अंतरावर. सकाळी काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पाहता पाहता एक फिक्कट फुली गडद होत गेली. माझ्या डोळ्यांदेखत. कोणीतरी आतल्या बाजूनं शाई लावत होतं.

मी शेजारचा शर्ट पाहिला. फुल्या. चादर. फुल्या. झबल्यावर पोटाच्या जागी एकच मोठी फुली.

मागून हर्षाली आली आणि झबलं पाहून तिनं तोंडावर पदर घेतला. ती किंचाळली असती तर बरं झालं असतं. तिनं मागं सरकत शेजारचं दार हळूच ठोठावलं. मग दार उघडत, पाय न वाजवता, एकेक जण येत गेला. सगळे तारेपासून हातभर लांब उभे. नागोराव सर्वांत शेवटी आले. तिकीट तपासावं तशी त्यांनी एकेक फुली तपासली.

"रेघ म्हंजे बांधलं," ते म्हणाले. "फुली म्हंजे नेमलं. उत्तमराव, हे साधं नोहे. ही भानामती हाय."

"अहो, गंज असेल."

"गंज लाल राह्यते. हे काळं हाय. अन् किती वर्सं झाले, याच तारेवर वाळू घालून राह्यलो आमी, कवा फुली उठली?"

सगळ्यांची तोंडं एकाच वेळी वळली. प्रयागबाईच्या घराकडं.

इथं मला हसवायचं नाही. आमच्या भागात भानामती करते असा संशय आला की त्या बाईचे दात पाडतात. दगडानं. मंत्र म्हणायला दात उरू नयेत म्हणून. शिकलेले लोक उभे राहून पाहतात, आणि नंतर फार वाईट झालं म्हणतात. मला त्या दुपारी प्रयागबाईचे दात दिसायला लागले. तिला समोरचा एक दात आधीच नव्हता. बाकीचे शाबूत होते.

मी पंचायतीत गेलो. सेक्रेटरी तेलुगू, तरणा, चांगला मुलगा. बनियन टेबलावर ठेवून मी सगळं सांगितलं. त्यानं खुर्ची मागं सरकवली.

"ये पंचायत में नहीं आता सार. नल आता, नाली आता, लाइट आता."

"बाईच्या जिवाला धोका आहे, तो कशात येतो?"

"दरखास्त लिखो. तेलुगू में लिखो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "और ये बनियन बाहर रखो सार. घर में मेरी छोटी बच्ची है."

विज्ञानाची डिग्री घेतलेला मुलगा. बनियन मी बाहेर कडुलिंबाच्या फांदीला अडकवला आणि तो अर्ज तेलुगूत लिहून देणारा माणूस शोधायला निघालो. तो माणूस त्या दिवशी भैंसा गावी लग्नाला गेला होता.

घरी आलो तर सुवर्णा उरलेल्या पाण्याच्या पातेल्याशी उकिडवी बसलेली.

"हे पाहा." तिनं लोखंडी पळी वर काढली. "ढवळून अंदरच राह्यली होती."

पातेल्यातलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं. पळीवरून थेंब पडले तिथं फरशीवर काळे डाग उठले. मी पळी पाहिली, पाणी पाहिलं, पोत्यातल्या उरलेल्या शेंगा पाहिल्या. बाभळीच्या शेंगेचा तुरट रस आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई होते. गंजलेली काटेरी तार, तिला अंतराअंतरावर पीळ दिलेले काटे, आणि न खंगाळलेले ओले कपडे. तार म्हणजे रेघ. काटा म्हणजे फुली. लोखंड कपड्याला चिकटायचं आणि ऊन लागेल तसं काळं होत जायचं. भानामती माझ्या पातेल्यातून निघाली होती.

मला इतका आनंद झाला की लाज वाटायचं राहूनच गेलं. मी गल्लीत ओरडत सुटलो. "माझ्या पाण्यानं झालं! प्रयागबाईचा काही संबंध नाही! या, दाखवतो!"

सगळे आले. त्यांनी भीमपूरकडच्या देवाजीला बोलावणं धाडलं होतं. तोही मोटरसायकलवरून उतरत होता. हा देवाजी भानामती उतरवतो. पांढराशुभ्र सदरा, पांढरंशुभ्र धोतर, बाजारातल्या फसवणुकीच्या पावडरीनं धुतलेलं.

मी सुवर्णाचा कोरा पांढरा रुमाल घेतला. सगळ्यांसमोर माझ्या पाण्यात बुचकळला, पिळला आणि तारेवर घातला. "आता पाहा," म्हणालो. "मंत्र नाही, तंत्र नाही. बाभूळ आणि लोखंड."

आम्ही सगळे त्या रुमालाकडं पाहत उभे राहिलो. ऊन कानात वाजत होतं. हळूच एक राखाडी ठिपका दिसला. ठिपक्याला चार पाय फुटले. फुली झाली. तिच्या शेजारी दुसरी. मग दोघींच्या मधून रेघ उमटत आली, जणू आपली वाट आपणच शोधत होती.

"पाहा!" मी आनंदानं ओरडलो.

गर्दी दोन पावलं मागं सरकली. हर्षालीनं लेकराचे डोळे झाकले. नागोरावांनी रुमालाकडं बोट केलं.

"दिवसाढवळ्या. साऱ्यायच्या समोर. अन् बाई तं घरात बसून हाय. तिथूनच करून राह्यली."

"अहो नागोराव, हे मी केलंय! रुमाल मी बुडवला!"

"तुमच्या हातानं करवून घेतलं तिनं," नागोराव कळवळून म्हणाले. "तुमची जीभ बांधली, उत्तमराव. तुमाले समजूनच नाई राह्यलं तुमी काय बोलता ते."

मी पुन्हा समजावलं. तुरट रस म्हणालो, गंज म्हणालो, पळी आणून दाखवली. मी जितकं समजावत होतो तितकी लोकांच्या डोळ्यांत माझ्याबद्दलची दया वाढत होती. एका म्हातारीनं येऊन माझ्यावरून मीठ ओवाळून टाकलं. माझंच खडे मीठ, माझ्याच अंगणातून उचललेलं.

आणि मग गर्दी सरकायला लागली. कोणी "चला" म्हणालं नाही. पायच निघाले. नागोरावांनी वाटेतला एक दगड उचलला. तळहाताएवढा, सपाट. माणूस वाईट नाही हो तो. शेवटच्या बसला म्हाताऱ्या माणसांना पैसे न घेता घरी सोडायचा. तरी त्याच्या हातात दगड नीट बसला होता.

प्रयागबाईचं दार लावलेलं होतं. जिच्या तोंडाला सगळी गल्ली वैतागलेली, तिच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी धावत जाऊन दारात आडवा झालो. सांगण्यासारखं सगळं खरं सांगून संपलं होतं.

"थांबा! भानामती माझी आहे. मी केली."

सगळे जागच्या जागी थांबले. मघापासून घसा फोडून खरं सांगत होतो, कोणी मानलं नाही. हे एका दमात पटलं. विचारायलाही कोणी पुढं आलं नाही. देवाजी तेवढा जरा वाकून, धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाशी बोलतो तसा बोलला.

"गुरू कोन तुमचा?"

"कोणी नाही. आपल्या मनानं शिकलो."

देवाजीचा चेहरा उतरला. "बिनगुरूची इद्या," तो नागोरावांना म्हणाला. "याले काही नेम नाई, काही बंधन नाई. हे आपल्याच्यानं उतरत नाई बाप्पा." आणि तो मोटरसायकलकडं गेला. किक दोनदा चुकली. माझ्याकडं त्यानं वळून पाहिलं नाही.

नागोरावांच्या हातातला दगड केव्हा गळून पडला ते मला दिसलं नाही. त्यांचे हात जोडलेले दिसले. एकट्या बाईचे दात पाडायला निघालेली माणसं, मंडल ऑफिससमोर दुकान असलेल्या पुरुषाला हात जोडत होती. भानामती तीच, फुल्या त्याच. मला त्यांच्यावर थुंकावंसं वाटलं. मी थुंकलो नाही, कारण थुंकलो असतो तर त्याचाही काहीतरी अर्थ लावला गेला असता.

त्यानंतर माझा जो मानमरातब सुरू झाला तो दुश्मनालाही मिळू नये. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. बस खच्चून भरली तरी. दुकानात गिऱ्हाईक यायचं, पण झेरॉक्स निघेपर्यंत रस्त्यावर उभं राहायचं, आणि कागद माझ्या हातून न घेता काउंटरवरून घ्यायचं. लाइनमननं न बोलावता येऊन आमच्या खांबावरची तार दुरुस्त केली. मी हाक मारली की माणसं आपलं नाव घेऊ नका म्हणायची. हर्षालीचं लेकरू मला पाहून हसलं, तर तिनं त्याचं तोंड फिरवलं. एका दुपारी एक शिकलेला, चांगला पगारदार गृहस्थ दुकानात आला. आपल्या भावाचा फोटो काउंटरवर ठेवून हळूच म्हणाला, "जास्त काही नको. नुसता भिऊन राहिला तरी पुरे." फोटो मी त्याच्या अंगावर फेकला. तो पळाला, पण पळताना त्याचा चेहरा समाधानी होता. काम झालं असं त्याला वाटलं असणार.

हे सगळं मी सोसलं. प्रयागबाई शाबूत आहे, एवढं मनाशी धरून सोसलं. पण पुढं एका बाजाराच्या दिवसापासून तिची वांगी बाजारात दिसेनात. तिचा आवाजही ऐकू येईना.

मग एका दुपारी ती आमच्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेर थांबली. डोक्यावर पदर, हातात वांग्याची टोपली, नजर माझ्या पायांवर. डोळे खोल गेलेले. बाई कित्येक दिवस निजलेली नव्हती.

"प्रयागबाई, आत या ना."

"नाई जी. मी इथंच बरी." तिनं टोपली खाली ठेवली. "माह्या हातून चुकी झाली. कपडे तुमचे होते हे मले ठाऊक नोहतं. ठाऊक असतं तं म्या शिव्या देल्या असत्या का?"

"अहो, मी खोटं बोललो! तुमचे दात वाचावेत म्हणून. भानामती-बिनामती काही नसतं."

"हाव जी."

मी तिला सगळं सांगितलं. शेंगा, पळी, तार, ऊन. ती प्रत्येक वाक्याला "हाव जी, हाव जी" म्हणत राहिली, दारू प्यालेल्या माणसाला म्हणतात तसं. मी थांबल्यावर तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"गर्दी आली त्या दिशी म्या विळा घेऊन दाराच्या मागं बसली होती. मानसाले विळा दाखवता येते. तुमाले काय दाखवू जी मी? माह्यावर करसान का तुमी?"

मला भयंकर संताप आला, कोणावर ते सांगता येत नाही. तिच्यावर नव्हता. खरं बोलून हिला झोप लागणार नव्हती, एवढं कळलं. मी उंबऱ्यावर आलो आणि उजवा हात वर केला. जो आवाज निघाला तो माझ्या ओळखीचा नव्हता.

"जा. तुला, तुझ्या घराला, तुझ्या वांग्यांना माझी भानामती कधी शिवणार नाही. आणि तुला जो हात लावेल, त्याला शिवेल."

गल्लीत कुठंतरी भांडं पडलं. प्रयागबाईनं डोळे मिटले, उघडले आणि ताठ झाली. पदर खांद्यावर खोचून ती चालायला लागली, ती नागोरावांच्या दारासमोरच थांबली.

"ऐकलं का वं हर्षाली? अन् तुह्या सासऱ्यालेही ऐकू दे! मले उत्तमरावनं शब्द देला! आता दाखवा बोट माह्याकडं! बोट जागेवर राह्यते का पाहू! दगड घेऊन आले होते बापे! घ्या आता दगड, घाला उशाले!"

ती बोलत बोलत गल्लीभर गेली, प्रत्येक घरापुढं थांबून, त्या त्या घराचं जे काही साचलं होतं ते मोकळं करत. तिच्या पुढं पुढं एकेक दार लागत गेलं. खिडक्या मिटल्या. कडक उन्हात सगळी गल्ली बंद झाली, आणि एकच दार सताड उघडं राहिलं. प्रयागबाईचं.

मी ते पाहत उंबऱ्याखाली उतरून रस्त्यावर आलो होतो. त्यामुळं आमच्या दाराची आतली कडी लागल्याचा आवाज मला जरा उशिरा आला.

"सुवर्णा," मी हाक मारली.

दाराखालच्या फटीतून मूठभर खडे मीठ बाहेर सरकलं.